आधी उजेडात उभी राहा

लाल लिपस्टिकचं टोपण उघडायला मी आजही कचरते. आता काय म्हणावं, धंदाच तो माझा! केजला बाजाराच्या मागच्या गल्लीत माझं पार्लर आहे, आणि आसपासच्या कितीतरी गावांतल्या नवऱ्या मी सजवल्यात. अंकवाल्यांनी निरोप धाडला, "शालनताई, नट्टापट्ट्यावर काहीतरी हलकंफुलकं लिहा, दिवाळी आहे." मी हो म्हणाले खरी. लिहायला बसले आणि हलकंफुलकं काही आठवेना. आठवली ती एकच सकाळ. ती आठवली की मी उठते आणि दाराची कडी लागलीय का ते बघून येते.

आधी धंदा समजून घ्या, म्हणजे पुढचं कळेल. आपल्याकडच्या उन्हात रापलेल्या, सावळ्या कातडीवर गडद रंग फार सुरेख खुलतात. डाळिंबी म्हणा, वांगी म्हणा, विटकरी म्हणा, राणी म्हणा. पण बायांना आधी गोरं व्हायचं असतं. तोंडाला पांढराफटक थर, मान आपली काळी ती काळीच, आणि वर लालभडक ओठ. मग सासरचे फिदीफिदी हसतात आणि नाव कुणाचं जातं? पार्लरवालीचं. माझी रीत अशी, की चेहऱ्यावर एकाच जागेला बोलू द्यायचं. ओठ गडद असतील तर डोळ्यांना फक्त काजळाची रेघ. डोळे रंगवले तर ओठ फिके. लिपस्टिक कांडीनं फासायची नाही, ब्रशनं लावायची. एक थर लावा, टिश्यूनं टिपा, वर चिमूटभर पावडर, मग परत एक थर. त्याच लिपस्टिकचा ठिपका बोटानं गालावर पसरा, म्हणजे गाल आणि ओठ एका घरचे वाटतात. सगळं झालं की आरसा द्यायचा नाही. नवरीला आधी दारात, उघड्या उजेडात उभी करायची, कारण ट्यूबलाइटखाली सगळंच छान दिसतं. उजेडात आधी माणूस दिसलं आणि रंग मागून दिसला, तर काम झालं. आधी रंगच दिसला तर पुसायचं आणि पुन्हा बसायचं.

मांजरसुंब्याला एका ढाबेवाल्याची बायको होती. पोराच्या लग्नात तिला वांगी रंगाची लिपस्टिक पाहिजे होती. जावा खी खी करायला लागल्या, "या वयात वांगं खाऊन आल्यावानी दिसायचंय का, अक्का?" मी तिच्या डोळ्यांना हातच लावला नाही, गालाला नाही, काही नाही. फक्त ओठ. नवरा भट्टीपाशी झारा हातात धरून बघतच राहिला आणि त्याची भजी करपली. त्या अक्का अजून दर लग्नसराईत मला भज्यांची पुडी धाडतात. असली चार गिऱ्हाइकं होती म्हणून मी टिकले. नाहीतर आमच्याकडं आवड अशी, की पैसे दिलेत तर दिसलं पाहिजे. "लावल्यावानी वाटंना की ओ ताई, आजून थापा!" हे वाक्य मी उभ्या जन्मात इतक्यांदा ऐकलंय की झोपेतसुद्धा भांडेन.

तर ती सकाळ.

दसरा होऊन गेला होता. आमच्या भागात दसरा झाला की माणसं ऊसतोडीला निघायची तयारी करतात. बैलं, ट्रॅक्टर, बोचकी, सगळी हालचाल सुरू होते. तोडीला जोडपं लागतं, नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एकट्या पोराला कुणी विचारत नाही. म्हणून त्या दिवसांत घाईघाईनं लग्नं उरकतात हे मला माहीत होतं. पण मला बोलावणं आलं ते साखरपुड्याचं. नांदूरघाटाच्या पुढं आत एक वस्ती आहे, नाव सांगत नाही. नवरीची आत्या, गोदाआत्या, स्वतः पार्लरला आली होती. म्हणाली, "गडद करा, लाल करा. आमच्या पोरीला लिपिस्टिक लई आवडती."

मी स्कूटीवर एकटीच गेले. गावात ना मांडव, ना स्पीकर. घरामागं चुलाण पेटलेलं, आणि वासावरून बुंदी पडत होती. दारात पांढरी जीप, आणि जीपला टेकून एक धिप्पाड माणूस उभा. त्याला सगळे आबा म्हणत होते. गावचं राजकारण त्याच्या हातात, आणि तोडीच्या टोळ्याही तोच लावून द्यायचा. मला बघून तो हसला नाही की या म्हणाला नाही. माझ्या हातातल्या व्हॅनिटी बॉक्सकडं तेवढं बघितलं.

आतल्या खोलीत पोरगी बसली होती. कोमल तिचं नाव. साडी नेसवलेली, पण निऱ्या तिच्याभोवती पसरलेल्या. मी तिचे केस मागं घेतले आणि माझा हात थांबला. कानामागं हळद होती. केसांच्या मुळाशी, नखांच्या कडेला हळद. साखरपुड्याला कुणी अंगाला हळद लावत नाही. हळद लागली म्हणजे लग्नच. आमच्या धंद्यात हे आधी बघावंच लागतं, कारण हळदीच्या कातडीवर नेहमीचं फाउंडेशन पिवळं पडतं. मी सवयीनं बघितलं आणि मग मुद्दाम बघितलं. मनगटावर मेंदीच्या वर निळ्या पेनानं घड्याळ काढलेलं होतं, पट्ट्यासकट, काट्यासकट.

"हे काय गं?" मी हळूच विचारलं.

"मधल्या सुट्टीत..." ती म्हणाली, आणि आत्यानं लगेच तोंड घातलं.

"शाळा सोडून लई दिस झालं तिला. तेवढं पुसून टाका, बाई. आन् जरा मोठी दिसंल आसं करा. आंगानंच बारीक हाय."

खोटं कशाला सांगू, पहिला विचार आला तो पळून जायचा. व्हॅनिटी उचलावी, पोट दुखतंय म्हणावं आणि सुटावं. पण मी गेले असते तर आत्यानं दुसरी कुणी बोलावली असती नाहीतर स्वतःच फासलं असतं. लग्न थांबलं नसतंच. कोमल आरशात माझ्याकडं बघत होती. लिपस्टिक आवडते म्हणून खूश होती बिचारी! तिला वाटत होतं, आज आपली हौस होणार.

"पापण्यांचा गम गाडीच्या डिकीत राहिला," मी म्हणाले आणि बाहेर आले.

बालविवाह कळवायचा नंबर आमच्या भागात शाळेच्या भिंतींवर रंगवलेला असतो. रोज बघून तो पाठ झाला होता. स्कूटीपाशी रेंज नव्हती. मी पाण्याच्या हौदाच्या कठड्यावर चढले, फोन लावला, गावाचं नाव सांगितलं, "पोरगी लहान आहे, आज लग्न आहे, आत्ता या," एवढं बोलले. पलीकडची बाई काहीतरी विचारत होती, तेवढ्यात मागं खाकरल्याचा आवाज आला. मी फोन बंद केला.

आबा उभा होता.

"कुनाला फोन?"

"पार्लरला. गिऱ्हाईक बसलंय."

"मंग इतक्या हळू कावून बोलायलाव?"

मी कठड्यावरून खाली उतरले. त्यानं हात पुढं केला. "फोन हितं द्या. घरातले फोटू भायेर जायला नकोत. काम झालं की न्या." मी फोन दिला. न देऊन काय करणार होते? आता पलीकडच्या बाईला गावाचं नाव नीट ऐकू गेलं का, कुणी निघालं का, काही कळायला मार्ग नव्हता. मी परत आत गेले तेव्हा माझ्या मागून कुणीतरी बाहेरून दार ओढून घेतलं.

मग मी वेळ काढायला लागले. फाउंडेशन लावलं, पुसलं, परत लावलं. "हळदीनं रंग धरंना," म्हणाले. ते खरंही होतं. आत्या दर थोड्या वेळानं येऊन म्हणायची, "झालं का? आवो, झालं का?" माझा हात असा थरथरत होता की भुवईची रेघ तीनदा बिघडली. लोक म्हणतात, शालनबाईचा हात कधी हलत नाही. त्या दिवशी कुणी बघायला पाहिजे होतं.

बाहेर एकदम गडबड झाली. दार उघडून आबा आत आला. बायकांच्या खोलीत तो असा घुसला याचंच आत्याला नवल वाटलं, तिनं पटकन पदर सावरला.

"बीडहून कुनी मॅडम निघालीय म्हनं. कुनी लावालावी केली कळंना." असं म्हणून तो माझ्याकडं बघत राहिला. "बाई, पोरगी एकोनीसची दिसली पायजे. दिसंल ना?"

"बघते," मी म्हणाले.

"बघते न्हाई. तुमचं पार्लर कुठं हाय ते मला ठावं हाय. यायचा रस्ताबी ठावं हाय."

तो गेला. मी स्टुलावर बसले आणि कोमलच्या चेहऱ्याकडं बघत राहिले. खरी भीती मला तेव्हा वाटली, आणि ती आबाची नव्हती. मला ते येत होतं! त्या पोरीला एकोणीसची करणं माझ्या हातात होतं. ओठांना दबका विटकरी रंग, गालाच्या हाडाखाली हलकी सावली, डोळ्यांना बारीक रेघ. काही लावलंय हेसुद्धा कळलं नसतं. मॅडमनं बघितलं असतं, बारीक अंगाची तरणी मुलगी आहे म्हणाली असती आणि गाडीत बसली असती. चांगलं काम करायचं तर पोरगी गेली. आणि वाईट केलं तर ते आत्याच्या, आबाच्या लक्षात येणार, आणि मग माझं काय?

तेवढ्यात आत्या म्हणाली, "आवो, थापा की जरा! लावल्यावानी वाटंचना."

देवाशपथ, आयुष्यात पहिल्यांदा ते वाक्य मला गोड लागलं.

मी थापलं. जे जे मी उभ्या आयुष्यात पुसत आले ते सगळं केलं. तोंडाला पांढराफटक थर दिला आणि मान तशीच सोडली. डोळ्यांवर मोरपंखी रंग पार भुवईपर्यंत नेला. गालांवर राणी रंगाचे गोल गोळे काढले. ओठांना लाल, कांडीनंच, कडेच्या बाहेर. वर चमचम. एका चेहऱ्यावर सगळ्या जागा एकदम ओरडायला लागल्या. आत्यानं कानशिलावर बोटं मोडली.

"आता कशी बाई वाटायली! आगं बघ, कोमे, बघ."

कोमलनं आरशात बघितलं. बघता बघता तिचा चेहरा पडला. पोरींना कळतं हो, त्यांना काय फसवता!

"काकू," ती म्हणाली, "मी सोंगासारकी दिसायली."

"गप बस," मी म्हणाले. "रडलीस तर पसरंल."

दुसरं काय बोलणार होते? आत्या कानाशी उभी. पण पोरीच्या डोळ्यांत जे आलं ते मी बघितलं, आणि त्यानं मला त्या आबापेक्षा जास्त दिवस छळलं.

मॅडम आली. महिला-बालविकास खात्याची, वयानं माझ्या मुलीएवढी, खांद्याला पिशवी, बरोबर एकच पोलीस. दारात माणसांचा घोळका जमलेला. घरात उजेड असा नव्हताच, एक बारकी खिडकी, तिलाही पोतं लावलेलं. आत्यानं कोमलला कोपऱ्यात कणगीच्या आड बसवली आणि पदर पार नाकापर्यंत ओढला.

"साखरपुडा हाय मॅडम, लगीन न्हाई," आबा गोड आवाजात म्हणाला. "पोरगी एकोनीसची. कागदं तिच्या बापाकडं, बाप गेलाय कारखान्यावर. उद्या आनून दावतो. च्या घ्या."

मॅडमनं वाकून बघितलं. अंधारात पदराखाली काय दिसणार? लाल ओठ आणि चमचम. "नाव काय तुझं?" तिनं विचारलं. आत्यानंच नाव सांगितलं. मॅडमनं घोळक्याकडं बघितलं, पोलिसाकडं बघितलं. तीही घाबरलेली होती, मला तिच्या मानेवरून कळत होतं. "ठीक आहे," ती म्हणाली, "उद्या कागद घेऊन ऑफिसला..."

मी बोलले तेव्हा ते मी ठरवून बोलले नाही, सवय बोलली.

"थांबा. माझं काम संपलं नाही."

सगळे माझ्याकडं वळले.

"उजेडात बघितल्याशिवाय मी नवरी सोडत नाही. कुणालाही विचारा. चल गं, कोमल, दारात उभी राहा."

"बाई, बसा खाली," आबा म्हणाला. हळू म्हणाला. पण मॅडमसमोर त्याला हात धरता येईना. मी पोरीचा हात धरला. तिला मी उंबऱ्यावर आणली आणि पदर मागं सारला.

ऐन सकाळचं ऊन तिच्या तोंडावर पडलं.

त्या उन्हात नवरी नव्हतीच. शाळेच्या गॅदरिंगला नाचायला निघालेली एक पोर होती, आईचा पावडरचा डबा चोरून तोंड रंगवलेली. साडी खांद्यावरून घसरलेली, मान काळी, डोळे मोरपंखी, आणि गालावरून दोन ओघळ. घोळक्यातला एक म्हातारा खाली मान घालून बाजूला झाला.

मॅडमच्या तोंडून एकदम निघालं, "बाळा, कितवीत आहेस तू?"

"आठवीत," कोमल म्हणाली.

पुढचं सगळं भराभर झालं. पोलिसानं वायरलेसवरून आणखी माणसं बोलावली, नवऱ्याकडची माणसं ट्रॅक्टरवर बसून पसार झाली, आईबापाकडून लिहून घेतलं की अठराच्या आत लग्न करणार नाही. बाप कारखान्यावर नव्हताच, घरामागं बुंदीपाशी बसला होता. आबानं माझा फोन मला परत दिला. दोन बोटांत धरून दिला.

"तुमचा मेकप लई भारी होता, बाई," तो म्हणाला.

केजपर्यंत एक मोटारसायकल माझ्या मागं होती. मी हळू झाले की ती हळू व्हायची. पार्लरच्या गल्लीच्या तोंडाशी ती थांबली आणि निघून गेली. त्यानंतर कितीतरी दिवस मी शटर अर्धंच उघडत होते. समोरच्या पानटपरीवर अनोळखी माणूस दिसला की उरलेलं अर्धंही खाली ओढायचे. घरी हे म्हणायचे, "तुला काय नडलं होतं?"

त्यात कुणीतरी दारातल्या कोमलचा फोटो काढला होता. तो मोबाइलवरून गावोगाव फिरला. खाली लिहिलेलं, केजच्या पार्लरवालीचं काम बघा. त्या लग्नसराईत गिऱ्हाइकं गळाली. एक आई पोरीला घेऊन दारापर्यंत आली आणि बोर्ड वाचून परत फिरली. आता बोला! जन्मभर जपलेलं नाव, आणि दाखवायला सगळ्यांकडं माझं तेवढं एकच काम. ते मुद्दाम केलं होतं असं सांगावं, तर आबाच्या कानावर जाणार. मी तेव्हा गप्प बसले, आज पहिल्यांदा लिहितेय.

पण आबाची भीती सवयीची झाली. दुसरी, त्या पोरीची, झाली नाही. लिहून घेतलेल्या कागदाचं काय हो? हंगाम तर दर वर्षी येतो. पुढल्या वर्षी नाही, तर त्याच्या पुढल्या वर्षी, दुसऱ्या जिल्ह्यात, कारखान्याच्या दारात, चार माणसांत हळद लावून उरकलं तर कुणाला कळणार? दसरा झाला आणि बोचकी लादलेले ट्रॅक्टर रस्त्यानं निघाले की मी पार्लरच्या दारात उभी राहून वरच्या पोरींची तोंडं बघायचे. ओळखू आली असती का तरी? तिचा खरा चेहरा मी धड बघितलाच होता कुठं, माझ्याच हातानं झाकला होता.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर एक मुलगी आली. तोंडाला, गळ्याला स्कार्फ घट्ट बांधलेला, आमच्याकडच्या पोरी गाडीवर बांधतात तसा. खुर्चीत बसली आणि म्हणाली, "काकू, मैत्रिणीचं लगीन हाय. लाल लिपस्टिक लावायची. पर या बारीला बरी लावा."

माझ्या हातातला कंगवा खाली पडला.

तिनं तोंडावरचा स्कार्फ सोडला. चेहरा भरला होता, भुवया दाट झाल्या होत्या. पण गळ्याभोवतीचे वेढे तसेच होते आणि मी त्या वेढ्यांकडं बघत होते. विचारायची हिंमत होईना. काळे मणी दिसले तर काय करायचं, हे मी इतक्या वर्षांत ठरवलं नव्हतं.

"स्कार्फ काढ," मी म्हणाले. "रंग लागंल त्याला."

तिनं एक एक वेढा काढला. गळा मोकळा होता.

मी भिंतीकडं तोंड करून बाटल्या लावत बसले. रडताना गिऱ्हाइकाला दिसू नये एवढी अक्कल आहे मला. ती मागून बोलत होती. अंबाजोगाईला नर्सिंगला आहे. बापानं दोनदा विषय काढला होता, दोन्ही बारीला हिनंच त्या मॅडमला फोन लावला. आत्या अजून बोलत नाही. "आन् मैत्रीन एकवीसची हाय, काकू," ती हसून म्हणाली, "मी बघून घेतलंय."

मी ब्रश घेतला. डोळ्यांना काजळाची रेघ, बाकी काही नाही. ओठांना लाल, टिपलं, पावडर, परत लाल. एक ठिपका गालावर. मग आरसा उलटा ठेवला आणि तिला दारात नेली. ऊन तसंच होतं. आधी कोमल दिसली, आणि लाल रंग मागून दिसला.

मग तिनं आरसा सुलटा करून बघितलं.

"काकू, त्या दिवशीबी तुमाला आसंच लावता येत हुतं ना?"

"येत होतं," मी म्हणाले.

"मला वाटलंच, मुद्दाम केलं तुमी. हात लई थरथरत हुता तुमचा," ती म्हणाली, आणि स्कार्फ न बांधताच गाडीवर बसली.